इतिवृत्तात न आलेलं

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
कलम अकरा रद्द.
बाजूने सदतीस, विरोधात कुणी नाही, तटस्थ एक.

मार्चमधला शनिवार होता, तार्तू गाव,
नदीवरचा बर्फ तडकत होता,
राईची वाळकी भाकरी मोडावी तसा आवाज.
कागद गिरणीच्या वरच्या मजल्यावर आम्ही निम्मे,
निम्मे पडद्यावर.
कोचाबांबात तेव्हा पहाटेचे पाच,
वाइरा खांद्यावर ब्लँकेट ओढून बसलेली, मागे कोंबडा.
एफुआ मात्र कुमासीहून स्वतः आलेली,
उसन्या कोटात, बाह्या दोनदा दुमडून.

कलम अकरा:
मतभेद झाल्यास शेवटचा शब्द संस्थापकाचा.
सोळा वर्षांपूर्वी उर्वेने ते स्वयंपाकघरात लिहिलं
तेव्हा सभासद तीन. ती, तिची बहीण,
आणि गावच्या ग्रंथालयाची किल्ली सांभाळणारा म्हातारा,
ज्याला संगणक सुरूसुद्धा करता येत नसे.
मतभेद व्हायचे ते चहात साखर किती, यावर.

आता एकोणीसशे ग्रंथालयं
आमच्या फुकटच्या प्रणालीवर पुस्तकं देतात-घेतात.
कुणाचं पुस्तक किती दिवस थकलं,
दंड घ्यायचा की सोडायचा,
यावरून चार खंडांत भांडणं होतात,
आणि ती उर्वेच्या दारात येऊन पडतात,
रात्री, जेवताना, बहिणीच्या अंत्यविधीच्या दिवशीही.

म्हणून कलम काढायचा ठराव तिचाच.
कार्यक्रमपत्रिका टंकताना मला म्हणाली,
"चर्चेला तीस मिनिटं ठेव.
लोक बोलतील. बोलू दे त्यांना."
पाण्याचा पेला जवळ ओढून ठेवला होता तिने,
मध्ये थांबावं लागलं तर असू दे म्हणून.

चाळीस सेकंद लागली.
हात वर झाले, पडद्यावरचे पिवळे पंजेही,
आणि सर्वांत आधी तिचा.
मग कुणाला काही सुचेना.
उरलेल्या एकोणतीस मिनिटांचं करायचं काय?
तैवो म्हणाला, सूप तयार आहे,
लवकरच बसू या का?

दुपारी किल्ल्या द्यायच्या होत्या.
बँकेची, नावनोंदणीची, सगळी लिफाफ्यात नीट.
एक सांकेतिक शब्द मात्र तिला सांगता येईना.
तो डोक्यात नव्हताच, बोटांत होता.
मान खिडकीकडे वळवून तिने तो हवेत टंकला,
एफुआ पेन्सिल घेऊन म्हणत राहिली,
सावकाश, परत एकदा, सावकाश.
कागदावर उतरलं ते बहिणीचं नाव, उलटं.
एफुआने वर पाहिलं नाही.
तिथल्या तिथे तो शब्द बदलला.
हस्तांतराचा नियमच तसा आहे,
आणि नियम उर्वेचाच.

तटस्थ मी होते.
विरोध करावा असं त्यात काही नव्हतं,
बरोबरच झालं सगळं, उशिराच झालं म्हणा हवं तर.
पण तिने मागितलेली तीस मिनिटं
कुणीतरी वापरायला हवी होती.
मलाही बोलायचं सुचलं नाही,
मी फक्त हात मांडीखाली दाबून बसले.

सोमवारी सकाळी सहाला तिचा फोन.
सवयीने आत शिरायला गेली
तर समोर पाटी: तुम्हाला परवानगी नाही.
"मीच लिहिलेली पाटी ती," म्हणाली,
"आणि स्वल्पविराम चुकलाय बघ. सोळा वर्षं!"

दुरुस्ती पाठवली तिने,
कुणीही नवशिका पाठवतो तशी, रांगेत.
वाइराचा उलट निरोप आला:
आभार. कृपया कारण लिहा,
आणि आणखी एकाची संमती लागेल.

उर्वेने कारण लिहिलं, चांगलं पानभर,
एका स्वल्पविरामासाठी.
मग बूट चढवून नदीवर गेली.
अजून आलेली नाही.
संमतीही यायची आहे.